दोन पारदर्शक शीट आणि आपले डोळे: बँकेच्या लॉगिनला चालतील का?

भाजणी_चकली: गुप्त मजकुराचं चित्र दोन पारदर्शक शीटमध्ये वाटून लपवायची, संगणकशास्त्रज्ञ मोनी नाओर आणि आदि शमीर यांनी 1994 मध्ये मांडलेली युक्ती काल घरी करून पाहिली. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचे दोन तुकडे: एक काळा, एक कोरा. ठिपका पांढरा असेल तर दोन्ही शीटवर तुकड्यांचा क्रम सारखा, काळा असेल तर उलट. एकटी शीट म्हणजे जुन्या टीव्हीवरच्या मुंग्या! एकीवर दुसरी ठेवली की अक्षरं उमटतात. उलगडायला संगणक नको, डोळे पुरतात. आणि नुसत्या एका शीटवरून महासंगणकालाही काही कळत नाही. बँकेने एक शीट ग्राहकाला द्यावी, दुसरी पडद्यावर दाखवावी; जुळवल्यावर दिसेल तो कोड टाकून लॉगिन. काय म्हणता?

उंबरठा: गणित पक्कं आहे, माणूस कच्चा. भामटा फोनवर विचारणार, "काकू, काय दिसतंय?" काकू वाचून दाखवणार. ओटीपीचंही हेच होतं ना? शिवाय तीच शीट दोनदा वापरली की गुपित फुटायला लागतं. रोज नवी शीट कोण पोचवणार, पोस्टमन?

भाजणी_चकली: पासबुकासारखी वही द्यायची, वापरलं पान फाडायचं. काकूंचा मुद्दा मात्र मान्य, त्याला उत्तर नाही.

दुपारची_झोप: साइट खरी असल्याची खूण म्हणून बँकेने लॉगिनला "तुमचं चित्र" दाखवायची पद्धत आठवते? चित्र दिसलं नाही तर पासवर्ड टाकू नका, असं सांगायचे. हार्वर्ड-एमआयटीच्या संशोधकांनी 2007 मध्ये ते चित्र मुद्दाम काढून टाकलं. स्वतःचं खातं वापरणाऱ्या 25 पैकी 23 जणांनी तरीही पासवर्ड टाकला. नसलेली गोष्ट डोळ्यांना खुपत नाही हो.

सायलीची_आत्या: म्हणून डोळे मोडीत काढायचे का? टेलिग्रामवर कॉल लागला की दोघांच्याही पडद्यावर चार इमोजी येतात. मी आणि भाऊ दर वेळी मोठ्याने वाचतो: "हत्ती, छत्री..." जुळले तर मध्ये बसून कोणी ऐकत नाही. समोरचा विचारतो म्हणून मी बघते.

उंबरठा: ताई, तुम्ही भावाचा आवाज ओळखता. बँकेचा आवाज कोण ओळखतं?

भाजणी_चकली: राहिलेलं कबूल करतो. शीट केसभर सरकली तरी सगळं राखाडी होतं, आणि नीट बसली तरी पांढरं अर्धं काळंच राहतं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. तिच्या हातात दोन्ही शीट दिल्या, तर म्हणाली, "झेरॉक्सवाल्याने फसवलं तुला."