हुतात्मा सैनिकांच्या स्मरणसभेत कुटुंबीयांना कसं सामावून घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

हुतात्मा सैनिकांच्या स्मरणार्थ आम्ही काही जण मिळून छोटा कार्यक्रम करतोय. नावं वाचायची, प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबायचं, शेवटी दोन मिनिटं मौन, एवढं ठरलंय. बेल्जियममध्ये ईपर गावातल्या मेनिन गेटवर १९२८ पासून रोज रात्री ८ वाजता बिगुल वाजवून पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना मानवंदना देतात (दुसऱ्या महायुद्धात मात्र खंड पडला होता). तसंच साधं काहीतरी करावं असं मनात आहे.

अडलंय ते कुटुंबीयांपाशी. वीरमाता, वीरपत्नींना मंचावर बोलवायचं, स्मृतिचिन्ह द्यायचं, पाहुण्यांसोबत फोटो काढायचा, ही पद्धत मला खटकते. मुलाचं नाव पुकारलं जात असताना आईच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखलेला असतो, ते बघवत नाही. पण मंचावर बोलवलंच नाही तर उपेक्षा वाटेल का? ज्यांच्या घरी हे दुःख आहे किंवा ज्यांनी असे कार्यक्रम केलेत, त्यांनी कृपया मोकळेपणानं सांगा.

आणखी एक. नावं हुद्द्याप्रमाणे वाचावीत की अक्षरक्रमानं? १९१७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचं तत्त्व हुद्दा किंवा धर्म न पाहता सर्वांना समान मान देण्याचं आहे (पहिल्या महायुद्धातल्या अनेक आफ्रिकी आणि आशियाई सैनिकांच्या बाबतीत मात्र ते पाळलं गेलं नाही), म्हणून माझा कल अक्षरक्रमाकडे आहे.

लहान मुलं असलेल्या घरी आमंत्रण द्यायला जाताना आधी कुणाशी बोलावं, तेही सुचवा. आणि कार्यक्रमानंतर वर्षभर संपर्कात कसं राहता, हे तर नक्कीच लिहा.