एआर चष्म्यातला बाण गिरणाऱ्यापुढे गायब, मदत हवी आहे (अर्जंट!)

पेडलपांडू:
पैसे साठवून सायकलिंगचा एआर चष्मा घेतला. नाशकात गंगापूर रोडला झकास चालतो. वेग, वळणाचा बाण, सगळं डोळ्यासमोर. गिरणारं सोडलं की बाण गायब आणि वेग २४ वर अडकतो, मी टेकून पाणी पीत असलो तरी! रविवारी हरसूलला जायचंय, रस्ता मी दाखवणार म्हणून बसलोय. दुकानदार फोन उचलत नाही. पटकन सांगा.

सर्किट:
चष्मा कुठला? फोन? ॲप?

गोदाकाठ:
तिकडे रेंज नसते. विषय संपला.

सर्किट:
जीपीएसला रेंज लागत नाही हो. नकाशा आधी डाउनलोड केला की झालं. शिवाय रेंजमुळे वेग कसा अडकेल?

गोदाकाठ:
माझा अडकला होता. अनुभव सांगतोय, पुस्तक नाही.

रिटायर्डरायडर:
चष्म्यापेक्षा मागे रडार लावा. गार्मिनचं व्हेरिया १४० मीटरवरची गाडी सांगतं. आणि आपल्याच नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली. जिद्द लागते, बाण नाही.

पेडलपांडू:
काका, रडार कोणी विचारलं? फोन अँड्रॉइड आहे, जर्सीच्या खिशात असतो.

सर्किट:
स्क्रीन बंद? बॅटरी सेव्हर?

पेडलपांडू:
स्क्रीन बंदच. सेव्हर कायम चालू असतो, त्याचं काय?

सर्किट:
अरे भावा, हे आधी सांगायचं! अशा बहुतेक चष्म्यांत स्वतःचा जीपीएस नसतो, फोन ब्लूटूथवरून आकडे पाठवतो. खिशातलं ॲप फोनने झोपवलं की शेवटचा आकडा तसाच राहतो. गिरणाऱ्याचा दोष नाही, तिथे पोचेपर्यंत तेवढा वेळ होतो. सेव्हर बंद कर, मग सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी 'अनिर्बंध' कर.

गोदाकाठ:
म्हणजे बॅटरी हरसूलच्या आधीच बसणार. पॉवर बँक घे.

चाकोरी:
मला हा चष्मा घ्यायचाय. नंबर असलेल्यांना चालतो का? माझा उणे ३ आहे.

रिटायर्डरायडर:
वाघेरा घाटात उतरताना डोळ्यासमोर आकडे नाचवू नका, पोरांनो.

पेडलपांडू:
सेटिंग केलं. सोमेश्वरपर्यंत जाऊन आलो, मस्त चालला! धन्यवाद सर्किटभाऊ.

सर्किट:
सोमेश्वर किती लांब? आधीही तिथपर्यंत चालतच होता की. उद्या पहाटे स्क्रीन बंद ठेवून गिरणाऱ्याच्या पुढे जा, मग कळव.

चाकोरी:
माझ्या नंबरचं काय?