मदत हवी आहे : करारातल्या 'डिस्क्रिशन'ला मराठीत काय लिहू?

रावेरकर_७
निर्यातीच्या केळीसाठी खरेदीदाराने इंग्रजी करार दिलाय. गटातल्या शेतकऱ्यांसाठी मराठी करतोय. तीन जागी अडलो:
१) घड नाकारणं 'ॲट द सोल डिस्क्रिशन ऑफ द बायर'.
२) दराबाबत दोन्ही पक्षांनी 'एक्झरसाइज डिस्क्रिशन'.
३) माल 'डिस्क्रीट लॉट्स'मध्ये भरावा. स्पेलिंगच्या शेवटी ई-ई-टी.
शब्दकोशात विवेक, तारतम्य, सुज्ञपणा. तिन्हीकडे 'विवेक' चालेल का?

तापीकाठ
मूळ अर्थ तोच. लॅटिन मुळाचा अर्थ वेगळं करणं, निवडणं. आणि 'विवेक'मधला 'विच्' धातूही वेगळं करणंच सांगतो. नीरक्षीरविवेक म्हणतो ना आपण, तेच. त्यामुळे पहिल्या कलमात 'खरेदीदाराच्या विवेकानुसार' लिहायला हरकत नाही.

कांदेबाग
हरकत आहे, तापीकाठ दादा. व्युत्पत्ती बरोबर, पण करारात घात होईल. 'यूज युवर डिस्क्रिशन' म्हणजे तारतम्याने वागा. तिथे शहाणपण अपेक्षित आहे. 'ॲट द डिस्क्रिशन ऑफ' आलं की शहाणपण मागे पडतं, अधिकार पुढे येतो: ठरवणार कोण, एवढंच ते सांगतं. 'सोल' जोडलं की दुसऱ्या कुणाला विचारायचं कारण उरलं नाही. शेतकरी 'विवेकानुसार' वाचेल आणि समजेल की माणूस नीट बघून, कारण देऊन नाकारेल. मूळ इंग्रजीत कारण द्यायचं बंधन कुठेच नाही. म्हणून लिहा: 'घड स्वीकारायचा की नाकारायचा, हे केवळ खरेदीदार ठरवेल.' कडू लागेल, पण कलम तेच आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 163 मध्ये राज्यपालांच्या संदर्भात हाच शब्द येतो, तोही निर्णयाच्या अधिकाराबद्दल. सरकारी मराठीतले 'स्वविवेक', 'स्वेच्छानिर्णय' हे शब्द त्यासाठीच. बांधावर मात्र ते कुणी बोलत नाही, करारात नकोच.

अमळनेर_व्याकरण
दुसऱ्या कलमात आणखी वेगळा अर्थ असू शकतो. 'डिस्क्रिशन'चा एक अर्थ बोभाटा न करणं. आजूबाजूला दर गुप्त ठेवण्याची भाषा असेल, तर 'ठरलेल्या दराची वाच्यता करू नये'. दर कमीजास्त करण्याची भाषा असेल, तर 'तारतम्य ठेवावे'. आधीची दोन वाक्यं टाका, म्हणजे नक्की सांगता येईल.

तिसरं तर सरळ स्पेलिंगची चूक आहे. ई-ई-टी म्हणजे तोंड सांभाळून वागणारा. ई-टी-ई म्हणजे सुटा, वेगवेगळा. उच्चार एकच, म्हणून घोळ होतो. खूण अशी: दोन ई-च्या मधे टी आला की ते सुटे झाले. तुमचे लॉट सुटेच असणार, गुपचूप नव्हे! 'प्रत्येक लॉट वेगळा भरावा' लिहा, आणि इंग्रजी प्रतही दुरुस्त करून घ्या.

रावेरकर_७
आधीचं वाक्य आहे: दर 'तिसऱ्या व्यक्तीस कळवू नयेत'.

अमळनेर_व्याकरण
मग वाच्यताच. तारतम्य गेलं.

कांदेबाग
भो, भाषांतरावर थांबू नका. पहिलं कलम सहीआधी बदलता येतं का बघा. 'सोल डिस्क्रिशन' काढून मोजता येईल असं घाला: फळाची लांबी, जाडी, डाग किती चालतील, दांड्याची अवस्था. नकार झाडावर घड असतानाच, लेखी कारणासह. कापल्यानंतर नाकारला तर मजुरी आणि वाहतूक कुणाकडे, तेही. घड कापला की वाट पाहत नाही. वाद मिटेपर्यंत तो पिकतो. 'सोल'च्या जागी 'रीझनेबल' एवढा शब्द जरी आला तरी फरक पडतो: मग 'वाजवी कारणास्तव' लिहिता येईल.

रावेरकर_७
पहिलं असं केलं: 'घड नाकारण्याचा अधिकार खरेदीदाराच्या मर्जीवर राहील.'

तापीकाठ
अधिकार मर्जीवर राहत नाही, निर्णय राहतो. 'घड नाकारण्याचा निर्णय केवळ खरेदीदाराचा राहील.' आणि माझा 'विवेक' मी मागे घेतो.

कांदेबाग
मसुद्यात 'इंग्रजी व मराठीत फरक आढळल्यास इंग्रजी ग्राह्य' अशी ओळ आहे का, तेही बघा. असेल तर गटाला आधी तीच वाचून दाखवा.