मदत हवी आहे: दिवाळीत सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचाय, पण धाकटा सहा वर्षांचा आहे

मंडळी, दिवाळीत सासू-सासरे साताऱ्याहून आमच्याकडे ठाण्याला येतायत. बाबांनी (सासरे) फोनवरच जाहीर करून टाकलंय की पाडव्याच्या रात्री सगळ्यांनी मिळून संभाजी महाराजांवरचा 'छावा' बघायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो थिएटरात आला तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे त्यांचं जाणं राहून गेलं. आता ओटीटीवर आहे, आमच्याकडचा टीव्हीही मोठा आहे, आणि नातवंडांना मांडीशी घेऊन बघायची त्यांची फार इच्छा आहे.

मुलगी दहाची, पाचवीत. चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक तिने शाळा सुरू व्हायच्या आधीच वाचून काढलं होतं. तिची मला तेवढी काळजी नाही. मुलगा सहाचा. कार्टूनमध्ये पिल्लाची आई हरवली तरी हा उठून माझ्या कुशीत येतो आणि पुढे कित्येक दिवस झोपताना विचारतो, "पण ती सापडली ना नक्की?"

मी आणि नवऱ्याने थिएटरात बघितलाय. शेवटचा छळाचा भाग बराच लांब आहे आणि आवाजासकट अंगावर येतो. मी स्वतः अर्धा वेळ मान खाली घालून बसले होते. मागच्या रांगेत बालवाडीतली वाटावीत एवढी पोरं होती.

बाबांचं म्हणणं, "इतिहास आहे, कळायलाच हवा. त्यात वाईट काय आहे?" वाईट म्हणजे काय, याचं आमच्या घरातलं माप एकच आहे. नायक-नायिका जरा जवळ आले की बाबांना तहान लागते आणि सासूबाई रिमोट शोधायला लागतात. मुंडकं उडालं तर कोणी जागचं हलत नाही. या सिनेमात महाराज लेझीम खेळताना दाखवले यावरून केवढा गदारोळ झाला, शेवटी दिग्दर्शकांनी तो प्रसंग काढला. शेवट लहान मुलांनी बघावा का, यावर तेवढी चर्चा माझ्या कानावर तरी आली नाही.

मुलांना संभाजी महाराज कळावेत असं मलाही वाटतं, आणि बाबांना दुखवायचंही नाही. तुमच्याकडे दोन वेगळ्या वयांची मुलं असताना कसं ठरवता? आणि सेन्सॉरच्या दाखल्यावर किती विसंबून राहायचं?

प्रतिसाद १
दाखल्याचं सांगतो. 'छावा'ला यूए १६+ आहे. पूर्वी नुसतं यूए असायचं, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाखाली दाखवा. २०२३ च्या कायदा-दुरुस्तीनंतर त्याचे ७+, १३+, १६+ असे तीन तुकडे झाले. पण ही पालकांना दिलेली सूचना आहे. थिएटरवाल्याला कायद्याने फक्त 'ए'च्या सिनेमाला अठराच्या आतल्यांना अडवावं लागतं. १६+ ला तुमचा सहा वर्षांचा मुलगा तुमचं बोट धरून आत जाऊ शकतो. मागच्या रांगेतली पोरं तशीच आली असणार.
थोडक्यात, मंडळाने आपलं मत दिलंय, निर्णय तुमच्यावर सोडलाय.

प्रतिसाद २
आम्ही गणपतीत गल्लीतल्या पडद्यावर वाट्टेल ते बघितलंय. काही झालं नाही. उगाच बाऊ करू नका.

प्रतिसाद ३
वरच्यांना: गल्लीतला पडदा वाऱ्याने हलायचा, अर्धे संवाद ऐकू यायचे नाहीत आणि निम्मी पोरं शेंगा खात असायची. पंचावन्न इंची टीव्ही आणि साउंडबार वेगळं प्रकरण आहे.

मी पहिली-दुसरीला शिकवते. या वयाची मुलं गोष्टीचा धागा पकडत नाहीत, एखादं चित्र पकडतात. मोठ्यांना "धर्मासाठी, स्वराज्यासाठी सोसलं" हे दिसतं, तुमच्या धाकट्याला फक्त फोडलेले डोळे दिसतील. आणि चित्रापेक्षा आवाज जास्त घाबरवतो. डोळे मिटता येतात, किंकाळी ऐकू येतेच. म्हणून "तेवढ्या वेळ डोळे झाकून घे" हा उपाय फारसा चालत नाही.

उलट, दाखला साधा असला म्हणजे सिनेमा हलका असतोच असंही नाही. 'श्वास' (२००४) काही हाणामारीचा सिनेमा नव्हे. पण डोळ्यांच्या कॅन्सरमुळे नातवाची दृष्टी जाणार, ही गोष्ट आजोबांच्या मांडीवर बसून बघणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला किती लागेल, ते कुठल्याच अक्षरावरून कळणार नाही. ते फक्त तुम्हाला कळतं. तुम्ही पिल्लाच्या आईचं लिहिलंय ना, तोच तुमच्या घरचा दाखला समजा.

मी असते तर धाकट्याला दाखवला नसता. मोठीला दाखवताना शेवट काय आहे ते आधी सांगितलं असतं, दिवसा, दिवे चालू ठेवून आणि आवाज कमी करून. "मध्ये उठून गेलीस तरी चालेल" हे आजोबांसमोरच सांगा, म्हणजे तिला ते घाबरटपणाचं वाटणार नाही.

धागाकर्ती
मनापासून आभार. दिवसा बघायचं डोक्यातच आलं नव्हतं. पण "ताईला आणि मला नाही?" यावरून घर डोक्यावर घेईल हो तो. झोपवून बघू म्हटलं तर दिवाळीत हा अकराच्या आत झोपत नाही.

प्रतिसाद ४
आमच्याकडेही दोघांत चार वर्षांचं अंतर. "तू लहान आहेस" म्हटलं की रणकंदन. त्याऐवजी धाकट्याचा स्वतःचा सिनेमा असतो, तो त्यानेच निवडायचा आणि मोठ्यांनी तक्रार न करता पूर्ण बघायचा. मी एकच रेल्वे-इंजिनांचा सिनेमा इतक्यांदा बघितलाय की मला संवाद पाठ आहेत. मोठीच्या सिनेमाच्या वेळी तो मामाकडे. पाडव्याऐवजी भाऊबीज धरा, मामा येणारच असेल तर जाताना घेऊन जाईल.

सासऱ्यांशी नवऱ्यालाच बोलू द्या, आणि "दाखवू नका" असं म्हणायला लावू नका. त्यांना काम द्या. साताऱ्याचे आहेत म्हणता, म्हणजे अजिंक्यतारा किल्ला अंगणातलाच. सिनेमा जिथे संपतो तिथून त्यांनी धाकट्याला सांगायला घ्यावं. १६८९ मध्ये शंभूराजे गेले, तरी राजाराम महाराज जिंजीला पोचले, संताजी-धनाजींनी मोगलांच्या छावण्यांची झोप उडवली. १७०० मध्ये औरंगजेबाने हाच साताऱ्याचा किल्ला घेतला, पण तो त्याच्याकडे राहिला नाही. मग ताराराणी लढल्या, आणि औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला मेला, दिल्लीला परत जाऊ शकलाच नाही. तुमच्या मुलाचा प्रश्न "पण पुढे ठीक झालं ना?" असाच असतो. त्याचं उत्तर आजोबांकडे आहे, सिनेमात नाही.

धागाकर्ती
हे नवऱ्याला जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्याने लगेच फोन लावला. बाबा आधी घुश्शात होते, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" वगैरे झालं. मग अजिंक्यताऱ्याचा विषय निघाला आणि अर्धा तास तेच बोलत होते. मुलाला त्यांनी दिवाळीत किल्ला करायला माती-विटा आणून ठेवायला सांगितल्यात, गोष्ट त्या किल्ल्यापाशी बसून होणार आहे. भाऊबीजेला सकाळी आम्ही मोठे आणि मुलगी सिनेमा बघू. सासूबाई म्हणाल्या, शेवटी मी पण स्वयंपाकघरात जाऊन बसेन.

आता एकच अडचण. बाबा दुपारी एकटे टीव्ही लावून बसतात आणि धाकटा त्यांना चिकटलेला असतो. त्यांच्या हातून सहज लागला तर?

प्रतिसाद १
१३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना पालकांसाठी लॉकची सोय देणं २०२१ च्या नियमांनी ओटीटीवाल्यांना बंधनकारक आहे, तेव्हा सोय असणारच. फोनवर किंवा कॉम्प्युटरवर खात्याच्या सेटिंगमध्ये जा, प्रत्येक प्रोफाइलला वयाची मर्यादा लावता येते. बाबांसाठी वेगळं प्रोफाइल काढा, ७+ वर ठेवा आणि तुमच्या प्रोफाइलला पिन लावा. पिन मुलीच्या जन्मतारखेचा ठेवू नका, तो घरात सगळ्यांना येतो.