ओस्लो करार: ‘तात्पुरती’ एरिया सी अजून का आहे?

उंबरठा:
इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या १९९५च्या दुसऱ्या ओस्लो करारानं, इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेचे ए, बी, सी असे तीन तुकडे पाडले. ए मध्ये पोलीस आणि नागरी कारभार दोन्ही पॅलेस्टिनींकडे, बी मध्ये नागरी कारभार त्यांचा पण सुरक्षेचा शेवटचा शब्द इस्रायलचा, सी सगळीच इस्रायलकडे. ही सोय अंतरिम, तिची पाच वर्षं ४ मे १९९९ला भरली. मग सी आजही साधारण ६० टक्के कशी? इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांची हत्या झाली म्हणून सगळं थांबलं, एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

नकाशेवाला:
हत्येनं (४ नोव्हेंबर १९९५) फरक पडलाच, पण मसुद्यातलं भोक त्याआधीचं. पॅलेस्टिनी कौन्सिल (निवडून आलेलं स्वशासन मंडळ) बसल्यापासून १८ महिन्यांत, सहा-सहा महिन्यांच्या अंतरानं, इस्रायली फौजेनं तीनदा मागे सरायचं होतं. दर वेळी किती जमीन सोडायची? आकडाच नाही! शिवाय इस्रायली ज्यूंच्या वसाहती आणि लष्करी ठिकाणं वगळलेली. आता ‘लष्करी ठिकाण’ केवढं, हे फौजच सांगणार.

मार्च १९९७मध्ये इस्रायलच्या नेतान्याहू सरकारनं वेस्ट बँकेच्या ९ टक्के जमिनीवरचा ताबा देऊ केला. त्यातले ७ बी मधून ए मध्ये, सी मधून फक्त २. पॅलेस्टिनी नेते अराफात यांनी ते घेतलेच नाहीत. म्हणून ऑक्टोबर १९९८च्या वाय रिव्हर करारात टक्के लिहून घेतले: सी मधून १३, पैकी १२ बी ला, १ ए ला. त्या १३ पैकी ३ निसर्गासाठी राखीव, म्हणजे तिथं नवं बांधकाम नाही. नोव्हेंबरात एक हप्ता दिला, डिसेंबरात काम ठप्प. शेवटची भर मार्च २०००मध्ये पडली आणि ए, बी, सी चे आकडे १८, २२, ६० टक्क्यांवर थिजले. तिसरी माघार झालीच नाही.

फाटकी_सही:
पुरवणी जोडतो. सप्टेंबर १९९३मध्ये, पहिल्या ओस्लो कराराच्या वेळी, दिलेली दोन पत्रं शेजारी ठेवून वाचा. पीएलओनं (पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेनं) इस्रायलचा शांततेत, सुरक्षित राहण्याचा हक्क मान्य केला. राबिन यांनी उत्तरात पीएलओला पॅलेस्टिनी जनतेचा प्रतिनिधी मानलं, बस. राज्याचं नाव नाही. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा हे सगळं शेवटच्या वाटाघाटींवर ढकललं, कारण मधल्या काळात भरवसा वाढेल असा हिशेब होता. फेब्रुवारी १९९४मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका वसाहतवाल्यानं २९ नमाजींना गोळ्या घातल्या, एप्रिलमध्ये अफुला आणि हदेरा या इस्रायली गावांत हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेनं बस प्रवाशांवर आत्मघाती हल्ले केले. हिशेब पहिल्याच वर्षी चुकला.

उंबरठा:
पण दुसऱ्या ओस्लो करारातलं कलम ३१(७)? अंतिम निकालाआधी वेस्ट बँक-गाझाचा दर्जा बदलेल असं पाऊल कुणी उचलायचं नाही, असं आहे ना तिथं? मग वसाहती कशा वाढल्या?

नकाशेवाला:
सगळी मेख ‘दर्जा’ या शब्दात. पॅलेस्टिनी म्हणतात, टेकडीवर घरं उठली की दर्जा बदलला. इस्रायल म्हणतं, दर्जा म्हणजे कायदेशीर दर्जा. विलीनीकरण किंवा राज्याची घोषणा करायची नाही, बांधकामाला मनाई नाही. वसाहतींचं बांधकाम थांबवा, असं वाक्य करारात खरंच कुठंही नाही. वाद संयुक्त समितीकडे न्यायचा, तिथं अडला तर लवाद, पण तोही दोघांची तयारी असेल तरच.