डेंग्यू उतरला, प्लेटलेट वाढल्या, आता म्हणे हार्टबीट कमी??

लेक ८ वर्षांची. ताप येऊन आज नववा दिवस, शेवटचा ताप तीन दिवसांपूर्वी. प्लेटलेट ३८ हजारांवरून १ लाख १० हजारांवर आल्या म्हणून घरी सगळे खूश, आणि आज राउंडला डॉक्टर म्हणतात झोपेत पल्स ५२ येतोय, ईसीजी काढला आता टूडी इको करू. पोरगी बेडवर बसून वरणभात खातेय, कार्टून बघतेय. डेंग्यूचा आणि हार्टचा काय संबंध? सासरे म्हणतात बिल वाढवायचे धंदे. खरंच गरज आहे का?

पिंपरीकर
आमच्या पोराचं सेम झालेलं. रात्री मॉनिटर सारखा टुंईटुंई वाजायचा, आम्ही दोघं जागे आणि हा ढाराढूर. आठवड्याभरात आपोआप नॉर्मल, औषध शून्य.

बालरोग_रेसिडेंट
ताई, इको करून घ्या. डेंग्यूतून बरं होताना पल्स मंदावणं मुलांमधे बरंच दिसतं आणि बहुतेक वेळा काही न करता सुधारतं. पण थोड्या मुलांमधे हार्टच्या स्नायूला सूज येते, मायोकार्डायटिस, तेव्हा पंपिंग कमी पडतं, ते नुसत्या नाडीवरून कळत नाही, इकोत दिसतं. दुसरं म्हणजे रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपलेलं पाणी आता परत आत येतंय, त्यात सलाइन चालूच राहिलं तर लोड हार्टवर आणि फुप्फुसांवर येतो. सलाइन बंद केलंय ना, विचारा. आणि धाप, चक्कर, छातीत दुखणं, हातपाय गार, यातलं काहीही दिसलं तर लगेच सिस्टरला हाक मारा. प्लेटलेटच्या आकड्यावर सगळे डोळे लावून बसतात, ही लक्षणं राहून जातात.

गुलमोहर
चिकनगुनियात पण होतं का हो असं? भाचीला सांधे धरलेत, शेजारीण ब्रुफेन दे म्हणते.

बालरोग_रेसिडेंट
हार्टला सूज चिकनगुनियातही येऊ शकते, कमी वेळा. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन नको, डेंग्यू नाही हे पक्कं होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, वजनावर.

मूळ पोस्टवाली
इको नॉर्मल!! पंपिंग ६२ टक्के. सलाइन कालच काढलेलं. सकाळी ब्रश करताना पल्स ७४ होता. डॉक्टर म्हणाले मायोकार्डायटिस निघाला असता तर तीन ते सहा महिने खेळ बंद, आता दोन आठवडे दमवू नका आणि पुन्हा ईसीजीला या. सासरे गप्प आहेत. पोरगी विचारतेय सायकल कधी.