फलक लागला, घर पडलं! स्मृतिफलकांचा इमारतीला उपयोग काय?

उंबरठा (धागाकर्ता)

लंडनमध्ये जुन्या घरांच्या भिंतींवर निळे गोल फलक असतात. अमुक इथे राहत होते, जन्म-मृत्यूची सालं, बस. ही योजना १८६६ साली सुरू झाली. पहिला मान १८६७ मध्ये कवी बायरनला, होलेस स्ट्रीटवरच्या त्याच्या जन्मघराला. ते घर १८८९ साली पाडलं. म्हणजे फलक लागल्यावर पुरती बावीस वर्षं.

हे वाचल्यापासून माझं मत पक्कं झालंय. फलक ही फुकटची शाबासकी आहे. लावताना घरमालकाची संमती घ्यावी लागते, पण पाडताना फलकाची आडकाठी नसते. त्या निळ्या फलकाने इमारतीला कसलंही कायदेशीर संरक्षण मिळत नाही, आजही नाही. त्यासाठी वारसा यादीत वेगळी नोंद व्हावी लागते. मग पडदा सरकवून, टाळ्या वाजवून आपण नेमकं काय साधतो? वारसा जपल्याचं समाधान. आणि ते एकदा मिळालं की जपण्याची निकड संपते.

माझा प्रस्ताव: आधी इमारतीला संरक्षण, मगच फलक. नसेल जमत तर भिंत कोरी राहू द्या.

फेरफटका

साफ असहमत. तुम्ही एक पडलेलं घर धरून बसलाय, उभी राहिलेली मोजलीत का?

त्याच शहरात ब्रुक स्ट्रीटवर २५ नंबरच्या घरात संगीतकार हँडेल १७२३ पासून १७५९ साली मरेपर्यंत राहिला. शेजारच्या २३ नंबरमध्ये, वरच्या मजल्यावर, १९६८-६९ मध्ये रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स राहत होता. दोनशे वर्षांचं अंतर आणि मध्ये एक भिंत! हेंड्रिक्सचा फलक १९९७ साली लागला. आज दोन्ही घरं मिळून एक संग्रहालय आहे. फलकामुळेच झालं असं मी म्हणत नाही. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दोन फलक शेजारी-शेजारी दिसतात आणि तो थबकतो, ही गोष्ट वारसा यादीतल्या नोंदीने कधी होईल? यादी कपाटात असते हो. फलक रस्त्यावर असतो. लोकांना माहीतच नसेल की इथे काय होतं, तर पाडायच्या वेळी ओरडणार कोण?

उंबरठा

बायरनच्या घरावर फलक होता, तरी कोणाच्या ओरडण्याने ते वाचलं नाही.

चुना-वाळू

दोघांचंही चालू द्या, मला भिंतीबद्दल बोलायचंय. जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली आहेत. फलकाने इमारत वाचते की नाही हा वाद नंतर. आधी फलकाने इमारत *बिघडते*, ते बघा.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे लोखंडी स्क्रू. दगडात ड्रिल मारायचं, स्क्रू ठोकायचा, वर संगमरवरी पाटी. काही पावसाळे गेले की लोखंड गंजतं, गंजताना फुगतं आणि दगडाला आतून तडा जातो. पाटीखालून तांबूस ओघळ दिसायला लागला की समजावं. दुसरा प्रकार सिमेंटचा. चुन्यात बांधलेली भिंत ओल आत घेते आणि बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा थर देऊन पाटी चिकटवली की तेवढ्या भागातली ओल अडकते आणि कडेचा दगड पापुद्र्यासारखा सुटू लागतो. नंतर पाटी काढायची म्हटलं तर दगडाचा पृष्ठभागच तिच्याबरोबर निघतो.

करायचं असेल तर भोकं दगडात नाहीत, सांध्यात पाडा. सांधा नंतर चुन्याने भरता येतो, दगड भरता येत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा ब्राँझचे. आणि पाटी हलकी. मान्यवरांची नावं पाटीवर कोरायची हौस कमी केली तर वजन आपोआप उतरेल.

(लंडनचे निळे फलक भिंतीत थोडे खोबणी करून बसवतात आणि मधोमध किंचित फुगीर असतात. पावसाच्या पाण्याने आपोआप धुतले जावेत म्हणून. कारागिरी झकास, पण जुन्या भिंतीत खोबण घेणं माझ्या जिवावर येतं.)

फेरफटका

मान्यवरांच्या नावांबद्दल पूर्ण सहमत! कित्येक पाट्यांवर जो राहत होता त्याच्यापेक्षा ज्यांनी अनावरण केलं त्यांची अक्षरं मोठी.

पायवाट

उंबरठा यांचा प्रस्ताव मला धोक्याचा वाटतो. इमारत टिकली तरच आठवण, असं म्हटलं की आठवण फक्त चिरेबंदी घरात राहणाऱ्यांचीच उरते. ज्यांची घरं गेली, किंवा ज्यांना घरातून ओढून नेलं, त्यांचं काय?

जर्मनीत गुंटर डेमनिग या कलावंताने १९९२ पासून फुटपाथमध्ये पितळी पत्र्याचे छोटे चौकोनी दगड बसवले. एकेक दगड दहा सेंटिमीटरचा. नाझींनी मारलेल्या किंवा हाकललेल्या माणसाने स्वतःच्या मर्जीने निवडलेलं शेवटचं घर जिथे होतं, त्याच्या दारासमोर. बहुतेकांवर पहिली ओळ एवढीच: इथे राहत होते. मग नाव, जन्मसाल, पुढे काय झालं ते. २०२३ मध्ये असा एक लाखावा दगड बसला. मागची इमारत बहुतेक वेळा सामान्य असते, कधी नवीच असते. तुमच्या नियमाने यातला एकही दगड बसला नसता.

उंबरठा

हा मुद्दा लागला. मान्य. पण त्याच दगडांना म्युनिक शहराने सार्वजनिक रस्त्यावर परवानगी नाकारली आहे, हेही सांगा. तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोट क्नोब्लोख यांचंच म्हणणं होतं की मेलेल्यांची नावं पुन्हा पायाखाली नकोत. शेवटी म्युनिकने डोळ्यांच्या उंचीवर भिंतीवर पाट्या किंवा खांब हा मार्ग काढला. आठवण ठेवायला विरोध कोणाचाच नाही. कुठे आणि कशी, यावर माणसं भांडतात, आणि भांडावंच.

अधोरेखित

आणि *कोणाची* यावर कोण भांडणार? इंग्लिश हेरिटेज ही संस्था हे निळे फलक चालवते. तिनेच २०१८ मध्ये कबूल केलं होतं की त्यांच्या फलकांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांचे आहेत. घरं काय फक्त पुरुषांची होती? पण पाटीवर यजमानाचं नाव. सगळीकडे तेच.

मजकुराचाही प्रश्न आहेच. लंडनमध्ये हॉवली प्लेसवर लोकमान्य टिळकांचा फलक आहे, १९६१ साली लंडन काउंटी कौन्सिलने लावलेला. 'भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ' इथे १९१८-१९ मध्ये राहिले, एवढंच. हा माणूस तिथे कशाला आला होता? ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवरचा बदनामीचा दावा लढवायला, जो तो हरला. त्याआधी याच साम्राज्याने त्याला सहा वर्षं मंडालेत डांबलं होतं. यातलं काही फलकावर नाही. गोष्टीतला दंश काढून टाकला की उरतं ते सभ्य, गोलाकार, निळं.

फेरफटका

फलक म्हणजे चरित्रग्रंथ नव्हे हो. तुम्हाला फलक बघून मंडाले आठवलं ना? मग काम झालं.

अधोरेखित

मला आठवलं, कारण मला आधीच माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी फलक असतो ना?

सावकाश

घाई हा खरा रोग आहे. इंग्लिश हेरिटेजचा नियम आहे की माणूस जाऊन वीस वर्षं झाल्याशिवाय फलक नाही. कारण उघड आहे. ब्रिटिश टीव्ही निवेदक जिमी सॅव्हिल २०११ मध्ये वारला, वर्षभरात त्याची लैंगिक अत्याचारांची पापं चव्हाट्यावर आली आणि स्कारबरोतल्या त्याच्या घरावरचा फलक काढावा लागला.

उलट गंमत बघा. त्या योजनेतला आज टिकून असलेला सर्वांत जुना फलक तिसऱ्या नेपोलियनचा, तोही १८६७ चाच. लावला तेव्हा तो जिवंत होता, फ्रान्सच्या गादीवर होता. तीन वर्षांत गादी गेली, फलक अजून आहे. म्हणजे बायरनचं घर गेलं आणि बादशहाचं राहिलं. यातून कोणी काय तो अर्थ काढावा.

भोचक

लंडनमध्येच एक निळा फलक सांगतो की कालप्रवासाचा संशोधक जेकब फॉन हॉगफ्लूम (१८६४-१९०९) इथे *२१८९ साली* राहत होता. चेष्टा आहे अर्थात. पण वीस वर्षांच्या नियमात याचं कसं बसवायचं, सावकाश?

चुना-वाळू

स्क्रू कसले आहेत ते विचारा त्याला.

उंबरठा

पायवाट यांच्यामुळे माझा प्रस्ताव बदलतोय. घर नसलं तरी फलक असू द्या. पण तिथे घर होतं आणि ते पाडलं गेलं, तर फलकावर तेही लिहा: अमुक साली पाडलं, परवानगी अमक्याने दिली. अनावरणकर्त्यांची नावं कोरायला जागा असते, तर याला का नसावी?

फेरफटका

मग तो फलक लावू कोण देईल? मालकाची संमती लागते, हे तुम्हीच पहिल्या परिच्छेदानंतर लिहिलंय.